ग्रँड ज्युरीपुढील स्वसंरक्षणाचा पुरावा

अमेरिकेच्या फौजदारी न्यायव्यवस्थेत गंभीर गुन्ह्याचा खटला उभा राहण्यापूर्वी पुरावा तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळास ग्रँड ज्युरी म्हणतात. आरोपी दोषी आहे की नाही हे ती ठरवत नाही. त्याने गुन्हा केला असे मानण्यास पुरेसे कारण आहे काय, एवढेच पाहते. स्वसंरक्षणाच्या प्रकरणांत हा निकष अडचणीचा ठरतो. गोळी कोणी झाडली याबद्दल तेथे सहसा वाद नसतो. ती झाडणे समर्थनीय होते काय, हा प्रश्न असतो. त्याबाबतचा पुरावा मांडणे मात्र बव्हंशी सरकारी वकिलाच्या हाती असते.

संघीय ग्रँड ज्युरीत १६ ते २३ सदस्य असतात व दोषारोपासाठी किमान १२ जणांची संमती लागते. बैठक गुप्त असते. साक्षी चालू असताना न्यायाधीश हजर नसतो आणि आरोपीच्या वकिलाला आत प्रवेश नसतो. ऐकीव पुराव्यावरही दोषारोप ठेवता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये कॉस्टेलो खटल्यात ठरवले. १९९२ च्या विल्यम्स खटल्यात त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी आणखी पुढचा निर्णय दिला: आरोपीला अनुकूल पुरावा ज्युरीस दाखवण्याचे बंधन सरकारी वकिलावर नाही. न्याय खात्याची अंतर्गत नियमावली असा ठळक पुरावा दाखवण्यास सांगते. परंतु ती न पाळल्यास केवळ त्या कारणावरून दोषारोप रद्द होत नाही.

राज्यांचे नियम निरनिराळे आहेत. न्यू यॉर्कमध्ये स्वसंरक्षणासारखा पूर्ण बचाव पुराव्यातून दिसत असेल, तर त्यासंबंधीचा कायदा सरकारी वकिलाने ज्युरीस समजावून सांगावा लागतो. तेथे आरोपीला स्वतः साक्ष देण्याचाही हक्क आहे. मात्र त्यासाठी त्याला साक्षीमुळे मिळणारे कायदेशीर संरक्षण सोडावे लागते, आणि तेथे उच्चारलेला शब्द पुढे खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. त्यामुळे अनेक आरोपी गप्प राहतात.

कायदा कसा समजावला जातो यावर किती अवलंबून असते, हे बर्नहार्ड गोएट्झ प्रकरणात दिसले. २२ डिसेंबर १९८४ रोजी न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेत त्याने चार तरुणांवर गोळ्या झाडल्या; त्यांच्यापैकी एकाने त्याच्याकडे पाच डॉलर मागितले होते. पहिल्या ग्रँड ज्युरीने केवळ बेकायदा शस्त्र बाळगल्याचा आरोप ठेवला. नवा पुरावा मिळाल्यावर प्रकरण मार्च १९८५ मध्ये दुसऱ्या ज्युरीपुढे गेले. तेथे एका सदस्याने ‘वाजवी समजूत’ म्हणजे काय, असे विचारले. आरोपीच्या परिस्थितीतील समंजस माणूस तसा वागला असता काय ते पाहा, असे उत्तर सरकारी वकिलाने दिले. या ज्युरीने खुनाच्या प्रयत्नाचाही आरोप ठेवला. आरोपीला स्वतःला काय वाटले एवढेच महत्त्वाचे, असे म्हणत कनिष्ठ न्यायालयांनी ते आरोप रद्द केले. परंतु १९८६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वकिलाचे स्पष्टीकरण योग्य ठरवून ते पुनःस्थापित केले. १९८७ मध्ये खटल्याच्या ज्युरीने गोएट्झला खुनाच्या प्रयत्नातून मुक्त केले व शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरवले.

मिसुरी राज्यातील फर्ग्युसन येथे ९ ऑगस्ट २०१४ रोजी पोलीस अधिकारी डॅरेन विल्सन याच्या गोळीबारात मायकल ब्राउन हा निःशस्त्र तरुण मरण पावला. या प्रकरणात नेहमीच्या उलट घडले. सरकारी वकिलांनी निवडक पुरावा न देता सुमारे ६० साक्षीदार ज्युरीपुढे आणले आणि कोणताही विशिष्ट आरोप सुचवला नाही. विल्सननेही साक्ष देऊन स्वसंरक्षणाची बाजू मांडली. सर्व काही ज्युरीपुढे ठेवले, असे समर्थक म्हणतात. टीकाकारांच्या मते तो उलटतपासणीविना चाललेला खटला होता. ही टीका अगदीच निराधार नाही. पोलिसी बळाच्या वापरासंबंधी ज्युरीस दिलेल्या कायद्याच्या प्रतीत एक असा भाग होता, जो १९८५ च्या टेनेसी विरुद्ध गार्नर निकालाशी विसंगत होता. ही चूक कामकाजाच्या अखेरीस सांगण्यात आली. एका सदस्याने त्यावर प्रश्न केला, तेव्हा खोलात जाण्याची गरज नाही असे उत्तर मिळाले. २४ नोव्हेंबर २०१४ रोजी दोषारोप न ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला.