खिडकीत ऊन नाही, तरी पुदिना

गावचं घर बंद करून अम्मी आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा कपड्यांच्या पिशवीसोबत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पुदिन्याच्या काड्या होत्या. तीस वर्षं न्हाणीच्या पाण्यावर अंगणात वाढलेला तो पुदिना. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, समोर दुसरी इमारत हाताच्या अंतरावर. तीन आठवड्यांत काड्या लांबुडक्या, फिकट झाल्या आणि माना टाकू लागल्या. अम्मी काही बोलल्या नाहीत, पण रोज फजरनंतर कुंडी या खिडकीतून त्या खिडकीत नेत असत.

अशी घरं आता मुंब्रा, मीरा रोड, भिवंडी, कोंढवा, सगळीकडे आहेत. म्हणून दिवे घेताना आम्ही काय शिकलो ते सांगतो. आधी एक फुकटची परीक्षा करा. भर दुपारी कुंडीच्या जागी हात आडवा धरा. हाताची सावली ठळक पडली तर दिव्याची गरजच नाही. अगदी पुसट पडली किंवा पडलीच नाही, तर पुढे वाचा.

पहिल्यांदा आम्ही फसलो. जांभळ्या उजेडाचा एक दिवा मोबाईलवरून सातशे रुपयांना मागवला. डब्यावर ‘1000 वॅट’ छापलेलं. शेजारच्या वायरमनने मीटर लावून पाहिलं, तर दिवा जेमतेम 24 वॅट वीज घेत होता. विकणाऱ्याला विचारलं, उत्तर आलं नाही. तेव्हापासून आमचा नियम एकच: दिवा प्रत्यक्षात किती वॅट ओढतो एवढंच बघायचं. मोबाईलच्या चार्जरवर चालणाऱ्या चिमट्याच्या दिव्यांचंही तसंच. साधा चार्जर 5 व्होल्ट आणि 2 अँपिअरचा, म्हणजे फार तर 10 वॅट. मग त्यावर 80 वॅट लिहिलेलं खरं कसं असेल?

जांभळा रंग खोटा नाही. पानं लाल आणि निळा उजेड जास्त शोषतात, म्हणून तेच दोन रंग एकत्र देतात. पण साध्या पांढऱ्या एलईडीतही मूळ दिवा निळाच असतो. त्यावरच्या पिवळसर लेपामुळे बाकीचे रंग तयार होतात आणि उजेड पांढरा दिसतो. पालेभाजीला तेवढं पुरतं. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की कीड लागलीय, ते कळत नाही, आणि खोलीत बसवत नाही ते वेगळंच.

मग कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून चार फुटांची 20 वॅटची पांढरी एलईडी पट्टी आणली, डब्यावर ‘6500 के’ लिहिलेली. अडीचशेच्या आसपास पडली. एकच कुंडी असेल तर 9 वॅटचा बल्ब आणि वायरसह होल्डर यावर दोनशेत काम होतं.

वॅटपेक्षाही महत्त्वाचं आहे अंतर. बल्ब दुप्पट लांब नेला की पानावर पडणारा उजेड जवळजवळ चौथा हिस्सा उरतो. छतावरची ट्यूब दिवसभर जळत ठेवली तरी पुदिन्याला फारसा उपयोग नाही, तो यामुळेच. आम्ही पट्टी भिंतीवरच्या फळीच्या खाली बसवली, टेबलावर रिकामे डबे उपडे घालून त्यावर कुंड्या ठेवल्या. पानं आणि दिवा यांत वीतभर अंतर. झाड वाढलं की डबा काढायचा. मागे पांढरा कागद लावला, वाया जाणारा उजेड परत पानांवर येतो. पाणी घालताना दिवा बंद करा, आणि जोडणीचा बोर्ड कुंडीच्या खाली कधीच ठेवू नका.

झाडालाही अंधार लागतो. बारा-चौदा तास पुरे. आम्ही फजरनंतर लावतो, मगरिबच्या अजानला बंद करतो, टायमरचे पैसे वाचले. साधारण तेरा तास धरले तर महिन्याला आठएक युनिट. 8 रुपये दराने साठ-पासष्ट रुपये.

यावरच अम्मींनी विचारलं, “दिवसाढवळ्या दिवा जाळायचा, हा इसराफ नाही ना रे?”

प्रश्न बरोबर होता. वाहत्या नदीवर वजू करतानाही पाणी जपून वापरण्याची शिकवण आहे, तर वीज का नाही? नुसता हिशेब मांडला तर पुदिन्याची जुडी बाजारातून आणणं स्वस्त, हे आम्ही लपवत नाही. पण ते टेबल असतं अंधाऱ्या कोपऱ्यात. तिथे तसाही दिवा लागायचा. आता छतावरची ट्यूब बंद असते आणि त्याच पट्टीच्या उजेडात सकाळी अम्मी कुरआन वाचतात, दुपारी मुलगी गृहपाठ करते. जांभळा दिवा असता तर हे जमलं नसतं.

पुदिना, मेथी, कोथिंबीर, सब्जा एवढंच या दिव्यावर करा. मोगरा, मिरची, टोमॅटो यांना कडक ऊन लागतं. स्वस्त दिव्यावर पानं येतील, फूल-फळ येणं कठीण. आम्ही मिरचीवर दोन महिने घालवले.

पुदिना मात्र सावरला. नवी पानं लहान पण गडद आली. रमजानच्या पहिल्या इफ्तारीला अम्मींनी चटणीपुरता खुडला, आणि खुडलेल्यातल्या दोन काड्या पाण्याच्या ग्लासात ठेवल्या. वरच्या मजल्यावरच्या खालांना द्यायच्या आहेत. त्यांच्याकडेही ऊन येत नाही. आता त्या विचारतायत, पट्टी कुठून आणली.