वाळूवरची गाडी आणि कुटुंबाची सहल

गेल्या हिवाळ्यात कोकणातून सहल करून परतलेल्या एका कुटुंबातील आजी कंबर धरून माझ्या दवाखान्यात आल्या. मुलाने नवी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेतली होती. समुद्रकाठी तंबूत मुक्काम आणि वाळूच्या उंचवट्यांवरून रपेट असा बेत होता. एका उंचवट्याच्या माथ्यावरून गाडी खाली आदळली आणि मागच्या आसनावर बसलेल्या आजींच्या पाठीतून कळ गेली. प्रवासाचा शीण समजून घरच्यांनी आठ दिवस शेक दिला. एक्स-रे काढला तेव्हा एक मणका दबलेला आढळला.

वाचकहो, वैरागसारख्या गावातील माणसाला समुद्र भेटतो तो सुट्टीतच. त्यामुळे त्याचे आकर्षण मोठे आणि त्याच्या स्वभावाची माहिती थोडी. अशा सहली जरूर कराव्यात. परंतु काही गोष्टी निघण्यापूर्वीच ध्यानी घ्याव्यात.

कण्याला बसणारा धक्का

बसलेल्या माणसाला खालून बसणारा धक्का थेट कण्यातून वर चढतो. पाठ संपून कंबर सुरू होते तेथील मणक्यांवर त्याचा भार सर्वाधिक येतो. उतारवयात, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये, हाडे ठिसूळ झालेली असतात. तेथे एक आदळआपटही पुरते. सीटबेल्ट जीव वाचवतो, परंतु असा उभा धक्का तो पूर्णपणे थांबवू शकत नाही. म्हणून वृद्ध, गर्भवती आणि कण्याचे विकार असलेल्यांनी अशा रपेटीस बसूच नये. मुलांना मांडीवर घेणे किंवा सनरूफमधून उभे करणे कटाक्षाने टाळावे. धक्क्यानंतर पाठदुखी टिकली तर तपासणी करून घ्यावी. पायांत बधिरता आली किंवा लघवी अडली, तर एक तासही दवडू नये.

रुतलेली गाडी

चाक रुतणे आपल्याला नवे नाही. पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात ट्रॅक्टरही रुततो. फरक इतकाच, की रान जागेवर राहते आणि समुद्र पुढे येतो. कोकणातील जुना ठोकताळा असा : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी अधिक वर येते. हा केवळ अंदाज आहे. नेमकी वेळ त्या त्या गावच्या कोळीबांधवांना विचारावी.

गाडी रुतली की दोन चुका हमखास घडतात. घरातील पन्नाशीचा पुरुष भर उन्हात ती ढकलू लागतो. रक्तदाब वा मधुमेह असलेल्यास हे श्रम हृदयावर बेततात. छातीत दाब, घाम वा धाप जाणवताच थांबावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. दुसरी चूक अधिक फसवी. मुलांना ऊन लागू नये म्हणून काचा बंद करून एसी चालू ठेवतात. धुराचे नळकांडे वाळूत गाडले गेले असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही; रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे ‘गाडी लागली’ म्हणून सोडून दिली जातात. म्हणून इंजिन बंद करून सर्वांनी प्रथम बाहेर पडावे व भरतीरेषेच्या वर जावे. गाडी पुन्हा मिळते.

रात्रीचा मुक्काम

याच वायूमुळे तंबूत कोळशाची शेगडी नेऊ नये आणि इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नये. कोकणात विंचवांचे भय असते. बूट व अंथरूण झटकूनच वापरावे. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध उपयुक्त ठरते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले. तेव्हा मंत्रतंत्रात वेळ न घालवता जवळचा दवाखाना गाठावा. सोबत ओआरएस, भरपूर पाणी आणि नित्याची औषधे असावीत.

टेकड्यांचेही आरोग्य

किनाऱ्यालगतच्या वाळूच्या टेकड्या वादळी लाटांपासून गावांचे रक्षण करतात. मर्यादवेलीसारख्या वनस्पती ती वाळू धरून ठेवतात. चाकाखाली त्या तुटल्या की वाळू सुटते. म्हणूनच किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत या टेकड्यांना सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात स्थान आहे. अनेक किनाऱ्यांवर वाहन नेण्यासही मनाई आहे. वेळाससारख्या गावी हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात, तीही चाकाखाली चिरडू शकतात.

तेव्हा गाडी पक्क्या रस्त्याच्या कडेला ठेवावी आणि पुढची वाट पायी चालावी. अनवाणी चालणे मुलांना रपेटीपेक्षा अधिक काळ आठवेल. मधुमेहींनी मात्र पादत्राणे काढू नयेत.

तीन महिन्यांच्या उपचारांनंतर आजी पुन्हा हिंडू-फिरू लागल्या आहेत. यंदा पुन्हा कोकणात जायचे म्हणतात. अट एकच, गाडी वाळूच्या अलीकडे थांबली पाहिजे.