थांबलेल्या पेशी आणि कर्करोग

वय वाढत जाते तसतसा बहुतेक प्रकारच्या कर्करोगांचा संभवही वाढत जातो. याचे एक कारण सर्वपरिचित आहे. पेशींच्या जनुकांमध्ये होणारे बिघाड आयुष्यभर साठत जातात. परंतु एवढ्याने प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळत नाही. बिघडलेल्या पेशीच्या शेजारी काय घडते आणि तिच्यावर पहारा कोण ठेवतो, याचाही विचार केला पाहिजे.

अलेक्सिस कॅरेल या शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये कोंबडीच्या गर्भातील हृदयाच्या पेशी काचपात्रात वाढवण्यास आरंभ केला. त्या वर्षानुवर्षे वाढत राहिल्याचे सांगितले गेले, आणि योग्य पोषण मिळाल्यास पेशी अमर असते, असा समज दृढ झाला. १९६१ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी या समजाला धक्का दिला. मानवी पेशी सुमारे ५० वेळा विभागतात आणि मग थांबतात, असे त्यांना आढळले. थांबलेली पेशी लगेच मरत मात्र नाही. ती पुढे बराच काळ जगते. या अवस्थेस पेशीचे वार्धक्य म्हणतात.

पेशी का थांबते? गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाचे संरक्षक भाग असतात. प्रत्येक विभाजनात ते थोडे झिजतात, आणि फार आखूड झाले की विभाजन थांबते. जनुकांना मोठी इजा झाली, किंवा बिघडलेल्या जनुकाने पेशीस अनिर्बंध वाढीस प्रवृत्त केले, तरीही हाच लगाम ओढला जातो. कातडीवरील तीळ पाहा. कित्येक तिळांच्या पेशींत जो जनुकीय बदल असतो, तोच मेलानोमा या घातक कर्करोगातही आढळतो. तरी बहुतेक तीळ थोडे वाढून थांबतात. येथवर पाहता पेशीचे वार्धक्य हे शरीराचे संरक्षणच ठरते.

पण थांबलेली पेशी स्वस्थ बसत नाही. ती निरनिराळी प्रथिने बाहेर सोडते. त्यांच्या योगाने आसपास दाह उत्पन्न होतो आणि शेजारच्या पेशींना वाढीचा इशारा मिळतो. २००१ मध्ये ज्युडिथ कॅम्पिसी यांच्या प्रयोगशाळेने असे दाखवले, की वार्धक्य आलेल्या मानवी पेशींच्या सहवासात कर्करोगाच्या वाटेवर असलेल्या पेशी उंदरांमध्ये अधिक वाढतात व गाठी निर्माण करतात.

मग शरीराने ही प्रथिने निर्माण तरी का करावीत? त्यांचे एक कार्य रोगप्रतिकारक पेशींना पाचारण करणे हे आहे. २०११ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी उंदरांच्या यकृतात हे पाहिले. कर्करोगाकडे झुकलेल्या पेशी प्रथम थांबल्या, आणि नंतर रोगप्रतिकारक पेशींनी त्या नाहीशा केल्या. जेथे ही प्रतिकारशक्ती दुबळी होती, तेथे यकृताचा कर्करोग उद्भवला. याचा अर्थ असा, की थांबवणे हे अर्धेच काम होय. हटवणे हे उरलेले अर्धे.

वाढत्या वयात हे दुसरे काम मंदावते. नव्या संरक्षक पेशी जेथे परिपक्व होतात, ती छातीतील थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसत जाते. शिवाय थांबलेल्या पेशींचे काही स्राव संरक्षक पेशींना आवरणाऱ्या पेशीही गोळा करतात. मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या रुग्णांवरून प्रतिकारशक्तीचे महत्त्व कळते. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून त्यांना प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घ्यावी लागतात, आणि त्यांच्यात त्वचेच्या व लसिका ग्रंथींच्या कर्करोगांचे प्रमाण अधिक आढळते. यांतील काही कर्करोगांमागे विषाणू असतात. तरीही या औषधांनी रुग्णांचे प्राण वाचतात; म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे असते. रुग्णाने वेळोवेळी त्वचेची तपासणी करून घेणे इष्ट होय.

कर्करोगावरील किरणोपचार व काही औषधे यांनीही पेशी मरण्याऐवजी कधी कधी केवळ थांबतात. म्हणून आता दोन दिशांनी प्रयत्न चालू आहेत. प्रतिकारशक्तीवरील अडसर दूर करण्याच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन व तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यावर आधारलेले उपचार रुग्णांना दिले जातात. थांबलेल्या पेशी वेचून नष्ट करणाऱ्या औषधांची मात्र अद्याप परीक्षा चालू आहे. कारण जखम भरून येण्यास याच पेशी साहाय्य करतात. त्या कोणत्या वेळी ठेवाव्यात आणि कोणत्या वेळी काढाव्यात, हे ठरवणे हाच या संशोधनापुढील कठीण प्रश्न आहे.