लिप्यंतरात हरवणारा ‘ड’

ग्वाल्हेरमधील ‘पडाव’ या भागाचे नाव हिंदीत ‘ड’खाली नुक्ता देऊन लिहितात, मराठीत नुक्त्याविना. साध्या रोमन लेखनात मात्र ‘ड’ आणि ‘द’ एकच होतात. तिथून परत येताना संगणक ‘पदव’ही काढू शकतो. म्हणून लिप्यंतराच्या प्रणालीने आधी मूळ अक्षर जपावे, अंदाज नंतर बांधावा, असे माझे ठाम मत आहे. ग्वाल्हेरच्याच शिंदेशाहीच्या मोडी लिपीतील पत्रांत ही गरज अधिकच जाणवते. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली खरी. पण त्या लेखनात इ-उचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळलेला नसतो आणि शब्दही सलग जोडलेले असतात. वाचकाला शुद्ध देवनागरीच हवी, हा आक्षेप रास्त आहे. ती जरूर द्यावी. मात्र दुरुस्त पाठाशेजारी जसाच्या तसा पाठही साठवावा. २००१चे आयएसओ १५९१९ हे मानक रोमन अक्षराखाली टिंब देऊन ‘ड’ आणि ‘द’ वेगळे राखते. तेव्हा हे तंत्राच्या आवाक्याबाहेरचे नाही.