जुना वस्तरा, नवी सुरुवात

इंग्लंडमधल्या शेफील्डचा किंवा जर्मनीतल्या झोलिंगेनचा जुना वस्तरा आजही उत्तम दाढी करतो. फक्त तो पारखून घ्यायला हवा. पात्यावर ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ कोरलेलं असेल, तर तो बहुधा 1891 नंतरचा. आयात मालावर देशाचं नाव असण्याची सक्ती अमेरिकेने तेव्हापासून केली. पाठीवरचा गंज घासून निघतो. धारेवर गंजाचे खड्डे किंवा केसाएवढी चीर असेल, तर वस्तरा कितीही देखणा असो, घेऊ नका.

जुन्या पात्याला धार लावावीच लागते. दगडावर पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकलेली हवीत, कारण धारेचा कोन पाठीच्या जाडीवर ठरतो. पहिल्यांदा हे काम जाणकाराकडून करून घेणंच शहाणपणाचं. चामोटीवर, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर, मात्र दर दाढीआधी स्वतः फिरवा: पाठ पुढे, धार मागे. उलट फिरवलंत तर चामडं कापलं जाईल.

दाढी गरम पाण्याने मऊ करा, दुसऱ्या हाताने कातडी ताणा, पातं साधारण 30 अंशांत धरून केसांच्या दिशेने हलकेच ओढा. सुरुवातीला फक्त गाल करा, हनुवटीला घाई नको. शेवटी पातं पूर्ण कोरडं करूनच मिटा.