किमान पत्रा, कमाल वाईन

एक लिटर तेल मावेल असा गोल, बंद डबा करायचा आहे आणि पत्रा कमीत कमी लागायला हवा. आकार कोणता घ्यायचा? अगदी सडपातळ डबा करून बघा. त्रिज्या २ सेंमी घेतली तर उंची ८० सेंमीच्या घरात जाते आणि पत्रा लागतो सुमारे १०२५ चौरस सेंमी. आता बसका करा. त्रिज्या १० सेंमी घेतली की उंची जेमतेम ३ सेंमी उरते आणि पत्रा ८२८. तेल तेवढंच, पण पहिल्या डब्यात बाजूची पट्टी पत्रा खाते, तर दुसऱ्यात झाकण आणि बूड.

त्रिज्या केसभर वाढवली तर झाकण-बुडाला किती पत्रा जादा लागला आणि बाजूला किती वाचला, हा हिशेब म्हणजेच विकलन. जिथे जादा आणि बचत एकमेकांना तंतोतंत फेडतात, तिथे विकलज (म्हणजे या हिशेबाचं उत्तर) शून्य होतो आणि पत्रा किमान. एक लिटरसाठी ती त्रिज्या येते ५.४२ सेंमी, उंची १०.८४, पत्रा ५५३.६. म्हणजे उंची बरोबर व्यासाइतकी! डबा पाव लिटरचा असो की हजार लिटरची टाकी असो, उत्तर तेच. समोरून पाहिलं तर डबा चौरस दिसायला हवा.

बारावीचं पुस्तक इथे थांबतं. माझ्या मते खरी गंमत इथून पुढे आहे. त्रिज्या ५.४२ ऐवजी सरळ ५ घ्या. डबा आता जवळजवळ पावणेतेरा सेंमी उंच, नजरेला चांगलाच उभट. आणि पत्रा? ५५७. अर्ध्या टक्क्याहून थोडाच जास्त! त्रिज्या ६ केली तर साधारण एक टक्का जास्त. घाट चढून पठारावर आलं की पावलागणिक उंची वाढेनाशी होते, तसाच कमाल-किमानाच्या आसपासचा भाग सपाट असतो. विकलज शून्य असण्याचा अर्थच तो. म्हणून कारखानदाराला मोकळीक मिळते: हातात नीट मावावा म्हणून शीतपेयाचा कॅन उभट करता येतो. शिवाय त्याचं झाकण बाजूच्या पत्र्याहून जाड असतं, त्यामुळे झाकण लहान ठेवण्यातच फायदा. चौकोनी तुकड्यांतून गोल झाकणं कापली आणि उरलेले कोपरे वाया गेले असं धरलं, तर किमान खर्चाची उंची व्यासाच्या सुमारे १.२७ पट निघते.

हा सपाटपणा ज्यानं आधी हेरला, त्याच्या हाती विकलन नव्हतंच. १६१३ साली योहानेस केप्लर ऑस्ट्रियात लिंझला राहत होता. ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षा मांडून त्याला चार वर्षं झाली होती आणि आता त्याचं दुसरं लग्न ठरलं होतं. घरात वाईनची पिंपं आली. मागोमाग व्यापारी आला. त्यानं पिंपाच्या पोटावरच्या भोकातून एक काठी तिरपी आत घातली, बुडाच्या कोपऱ्याला टेकवली, आतली लांबी वाचली आणि किंमत सांगितली. पिंपाचा आकार विचारात घेणं नाही, काही नाही. केप्लरला हे खटकलं. त्या खटकण्यातून १६१५ मध्ये पिंपांच्या घनफळावर एक अख्खं पुस्तक निघालं.

साधं दंडगोल पिंप धरलं, तर एका ठराविक काठीला सर्वांत जास्त वाईन तेव्हा मावते, जेव्हा लांबी व्यासाच्या १.४१ पट, म्हणजे दोनच्या वर्गमुळाइतकी असते. ऑस्ट्रियातली पिंपं या आकाराच्या अगदी जवळची होती. आणि केप्लरनं नेमकं लिहून ठेवलं की कमालीच्या आसपास बदल जाणवत नाहीत. कारागिराचा हात थोडा इकडेतिकडे गेला, लांबी १.६ पट झाली, तरी वाईन फक्त एक टक्का घटते. व्यापाऱ्याची काठी खरी ठरत होती ती या सपाटपणामुळे. विकलनानं कमाल-किमान शोधण्याची रीत लायब्निझनं छापली ती १६८४ मध्ये, जवळपास सत्तर वर्षांनी.

मात्र काठी खरी ठरते ती त्या पठारावरच. लांबी व्यासाच्या तिप्पट असलेलं सडपातळ पिंप आणलं, तर काठी तेवढंच माप दाखवेल, पण वाईन असेल एक तृतीयांशानं कमी. न मिळालेल्या वाईनचे पैसे गिऱ्हाईक फुकटच मोजेल.