विश्लेषण : कारची बॅटरी ‘ओव्हरचार्ज’ का होते? नवी बॅटरी घेण्याआधी काय तपासावे?

बॅटरी उतरली, तर कळायला वेळ लागत नाही. किल्ली फिरवली की नुसता ‘टक टक’ आवाज येतो आणि गाडी सुरू होत नाही. बॅटरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होत असेल, तर मात्र उलटे घडते. गाडी लगेच सुरू होते, दिवे नेहमीपेक्षा लख्ख लागतात आणि मालकाला वाटते, बॅटरी एकदम दणकट आहे. प्रत्यक्षात आत तिचे पाणी आटत असते. काही महिन्यांत बॅटरी बसते, नवी घेतली जाते आणि थोड्याच दिवसांत तिचीही तीच गत होते. कारण मूळ बिघाड अनेकदा बॅटरीत नसतोच.

असा बिघाड घरापासून लांब उघड झाला, तर फक्त पैशांचा प्रश्न राहत नाही. मुंबईपासून सुमारे १२० किलोमीटरवर, रोहा तालुक्यात असलेल्या कोलाडचेच उदाहरण घ्या. कुंडलिका नदीतील राफ्टिंगसाठी सुट्टीच्या दिवशी येथे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची गर्दी असते. गणपतीला आणि शिमग्याला निघालेले चाकरमानी पेण, वडखळ, नागोठणे मागे टाकून इथूनच इंदापूर, माणगावकडे जातात. सलग प्रवास, मध्येच कोंडी आणि बॉनेटखाली साठलेली उष्णता अशा वेळी आधीपासून जादा चार्ज होणारी बॅटरी दगा देते. मग रस्त्याच्या कडेला घाईघाईत जे उपाय केले जातात, त्यातले काही जास्त धोकादायक असतात.

ओव्हरचार्जिंग म्हणजे नेमके काय?

पेट्रोल-डिझेल कारमध्ये साधारणपणे १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. फ्रान्सचे गॅस्टन प्लान्टे यांनी १८५९ मध्ये तयार केलेल्या बॅटरीचे तत्त्व आजही त्यात वापरले जाते. शिशाच्या पट्ट्या, सौम्य सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि साधारण २.१ व्होल्टचा एक असे सहा सेल ही तिची रचना. पूर्ण चार्ज झालेली आणि काही तास शांत ठेवलेली बॅटरी म्हणूनच १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते.

इंजिन सुरू झाले की अल्टरनेटर वीज तयार करतो आणि बॅटरीला साधारण १३.८ ते १४.५ व्होल्टने चार्ज करतो. अनेक मेकॅनिक अल्टरनेटरला अजूनही ‘डायनॅमो’च म्हणतात. हा व्होल्टेज मर्यादेत ठेवण्याचे काम व्होल्टेज रेग्युलेटर करतो. बॅटरी भरत आली की तिच्यात जाणारा करंट आपोआप कमी होतो.

व्होल्टेज मर्यादेबाहेर गेला, तर भरलेल्या बॅटरीतही करंट घुसत राहतो. टाकी भरल्यावरही पंप चालू ठेवावा, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की टाकीतून पाणी ओसंडते. इथे जादा वीज बॅटरीतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन करते. ‘बॅटरी उकळतेय’ असे म्हणतात, तेव्हा दिसणारे बुडबुडे बहुतेक या वायूंचे असतात.

किती पाणी जाते, किती वायू तयार होतो?

हिशेब सोपा आहे. पूर्ण भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीत ५ अँपिअरचा करंट रात्रभर, म्हणजे १० तास जात राहिला, तर ५० अँपिअर-तास वीज जादा गेली. यातील जवळपास सगळी वीज पाण्याच्या विघटनात खर्च झाली, तर सहा सेलमधून मिळून सुमारे १०० मिलिलिटर पाणी नाहीसे होते. म्हणजे एका कटिंग चहाइतके. त्यातून सुमारे १३० लिटर हायड्रोजन बाहेर पडतो.

हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांदरम्यान असेल, तर ते मिश्रण पेट घेऊ शकते. १३० लिटर वायूने अख्खे गॅरेज भरणार नाही, हे खरे. पण बॅटरीच्या आतील मोकळी जागा, तिच्या झाकणांजवळचा भाग आणि बंद बॉनेटखालची हवा यांच्यासाठी तेवढा वायू पुरेसा आहे. तिथे एक ठिणगी पडली, तरी बॅटरी फुटू शकते.

धोके कोणते?

स्फोट आणि अ‍ॅसिड : बॅटरी फुटते तेव्हा प्लास्टिकचे तुकडे आणि अ‍ॅसिड एकाच वेळी उडते. बॉनेट उघडून वाकलेल्या माणसाचा चेहरा नेमका तिथेच असतो. सर्वांत मोठा धोका डोळ्यांना आहे.

विषारी वायू : खूप तापलेल्या बॅटरीतून सडलेल्या अंड्यांसारखा वास येऊ शकतो. हा हायड्रोजन सल्फाइड असतो. जास्त प्रमाणात तो घातक ठरतो आणि काही वेळाने नाकाला त्याचा वास येणेही बंद होते. त्यामुळे ‘वास गेला, म्हणजे धोका टळला’ असे समजू नये.

बॅटरीचे आयुष्य : पाणी आटले की शिशाच्या पट्ट्या उघड्या पडतात. धन बाजूची जाळी गंजते, पट्ट्यांवरचा लेप झडतो. मेंटेनन्स-फ्री बॅटरीत वरून पाणी घालायची सोय नसते. त्यामुळे तिच्यातून गेलेले पाणी परत भरता येत नाही.

इलेक्ट्रॉनिक्स : वाढलेला व्होल्टेज फक्त बॅटरीला मिळत नाही. हेडलाइट, म्युझिक सिस्टीम आणि इंजिन नियंत्रित करणारा ईसीयू यांनाही तो पोहोचतो. बल्ब वारंवार उडत असतील, तर दरवेळी दोष बल्बचाच असेल असे नाही.

ओव्हरचार्जिंगची कारणे

१. बिघडलेला रेग्युलेटर : हे नेहमी आढळणारे कारण. आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये तो अल्टरनेटरच्या आतच बसवलेला असतो. तो निकामी झाला की इंजिनचा वेग वाढेल तसा व्होल्टेजही वाढत जातो. अशा गाडीत कितीही नव्या बॅटऱ्या बसवल्या, तरी त्या खराबच होणार.

२. सैल किंवा गंजलेले कनेक्शन : काही गाड्यांत रेग्युलेटर एका वेगळ्या वायरने बॅटरीचा व्होल्टेज ‘वाचतो’. ती वायर किंवा अर्थिंग गंजले, तर त्याला व्होल्टेज कमी असल्याचा भास होतो आणि तो चार्जिंग वाढवतो. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर लवकर चढतो. त्यामुळे ही तपासणी टाळू नये.

३. बॅटरीतला एक सेल शॉर्ट होणे : इथे मात्र दोष बॅटरीचाच असतो. सहापैकी एक सेल निकामी झाला, तर १४.४ व्होल्ट उरलेल्या पाच सेलमध्ये वाटले जातात. म्हणजे प्रत्येकी जवळपास २.९ व्होल्ट. साधारण २.४ व्होल्टपासूनच सेलमध्ये जोरात वायू तयार होऊ लागतो. त्यामुळे अल्टरनेटर ठणठणीत असूनही उरलेले पाच सेल उकळतात.

४. रात्रभर लावलेला साधा चार्जर : बॅटरी भरल्यावर स्वतःहून थांबणारे ऑटोमॅटिक चार्जर आता मिळतात. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरमध्ये मात्र ही सोय नसते. ‘सकाळी काढू’ म्हणून लावून ठेवलेला असा चार्जर बॅटरीचे पाणी आटवतो.

५. ट्रकवरून दिलेला जम्प : कोलाडमध्ये हा मुद्दा विशेष महत्त्वाचा. कोकण रेल्वेची मालट्रक वाहून नेणारी रो-रो सेवा १९९९ पासून कोलाड स्थानकातून चालते आणि महामार्गावरही अवजड वाहनांची वर्दळ असते. बंद पडलेल्या कारला मदतीसाठी सर्वांत आधी थांबतो तो अनेकदा ट्रकचालक. पण मोठ्या ट्रकमध्ये सहसा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टची यंत्रणा केलेली असते. ट्रकचे इंजिन सुरू असेल, तर हा आकडा २८ च्या आसपास जातो. तो थेट कारला दिला, तर बॅटरी आणि ईसीयू दोन्ही जाऊ शकतात.

६. उष्णता : बॅटरी जितकी गरम, तितका तिला कमी व्होल्टेज लागतो. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी हे प्रमाण दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०२ व्होल्ट आहे. २५ अंशांना १४.४ व्होल्ट योग्य असेल, तर ५५ अंशांना १३.८ पुरतात. याच कुंडलिकेच्या खोऱ्यातील भिरा हे गाव मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंशांच्या नोंदीमुळे देशभरातील बातम्यांत आले होते. उन्हाळ्यात कोंडीत उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच जास्त असते. रेग्युलेटर थोडा जरी बिघडलेला असेल, तरी त्याचा परिणाम अशा वेळी तीव्र होतो.

कसे ओळखाल?

- बॅटरीत वारंवार पाणी घालावे लागते.
- बॅटरीच्या बाजू फुगल्या आहेत किंवा वरचा भाग सतत ओलसर दिसतो.
- गाडी थोडीच चालवली, तरी बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापते.
- बॉनेटजवळ सडलेल्या अंड्यांचा किंवा तिखट वास येतो.
- रेस दिल्यावर हेडलाइट अचानक जास्त प्रखर होतात.

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मुख्यतः चार्जिंग बंद पडल्याची सूचना देतो. अनेक गाड्यांत तो ओव्हरचार्जिंगला लागत नाही. त्यामुळे दिवा लागला नाही, म्हणजे सगळे ठीक आहे असे नाही. मेंटेनन्स-फ्री बॅटरीवरचा हिरवा ठिपकाही सहापैकी एकाच सेलची स्थिती दाखवतो.

दोन मिनिटांची चाचणी

यासाठी काहीशे रुपयांत मिळणारा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक धन टर्मिनलला, काळे टोक ऋण टर्मिनलला लावा.

- गाडी रात्रभर बंद ठेवल्यावर : १२.४ ते १२.७ व्होल्ट असावेत. १०.५ च्या आसपास आकडा आला, तर एक सेल गेल्याची शक्यता आहे.
- इंजिन सुरू, रेस न देता : १३.८ ते १४.५.
- हलकी रेस देऊन : आकडा जवळपास तोच राहायला हवा. रेससोबत तो १५ च्या पुढे जाऊन तिथेच राहिला, तर रेग्युलेटर किंवा वायरिंग तपासून घ्या.

काही नव्या गाड्यांतील ‘स्मार्ट’ अल्टरनेटर गरजेनुसार व्होल्टेज कमी-जास्त करतात. अशा गाडीत एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. मॅन्युअलमधील मर्यादा पाहावी. दुकानदार बॅटरी बदलायला सांगत असेल, तर आधी हे तिन्ही आकडे समोर मोजून घ्यावेत.

रस्त्यात त्रास सुरू झाला तर?

वास, धूर किंवा उकळल्याचा आवाज आला, तर गाडी महामार्गावरून बाजूला सुरक्षित जागी घ्या, इंजिन बंद करा आणि सर्वांना गाडीबाहेर काढा. धूर येत असेल, तर बॉनेट उघडू नका. धूर नसला, तरी बॅटरी निवेपर्यंत जवळ जाऊ नका. आसपास विडी-सिगारेट, लायटर नको. मदतीसाठी ११२ वर संपर्क साधा.

अ‍ॅसिड डोळ्यांत गेले, तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने किमान १५ ते २० मिनिटे डोळे धुवा आणि त्यानंतर थेट रुग्णालय गाठा. डोळ्यांत सोडा किंवा दुसरे काही घालू नका. खाण्याचा सोडा जमिनीवर किंवा बॅटरीवर सांडलेल्या अ‍ॅसिडसाठी ठीक आहे.

या चुका टाळा

- इंजिन सुरू असताना बॅटरीची वायर काढणे. ‘वायर काढूनही गाडी चालू राहिली, तर डायनॅमो चांगला’ ही चाचणी जुन्या गाड्यांच्या काळातली आहे. तिने व्होल्टेजचा मोठा झटका बसतो आणि ईसीयू निकामी होऊ शकतो. वायर निघताना बॅटरीजवळच ठिणगी पडते, तो धोका वेगळाच.
- फुगलेल्या किंवा उकळणाऱ्या बॅटरीला जम्प देणे. बॅटरी ठीक असली, तरी जम्प १२ व्होल्टच्या गाडीवरूनच घ्या. काळ्या केबलचे शेवटचे टोक बॅटरीला न लावता इंजिनच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला लावा, म्हणजे ठिणगी वायूपासून दूर राहते.
- नळाचे किंवा बोअरिंगचे पाणी घालणे. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड पाणी घालावे, तेही ठरलेल्या खुणेपर्यंतच. अ‍ॅसिड घालू नये.
- चालू चार्जरचे चिमटे काढणे. आधी मेन स्विच बंद करावा, मग चिमटे काढावेत.

इलेक्ट्रिक गाडीत हा धोका नाही का?

प्रकार वेगळा आहे. इलेक्ट्रिक कारच्या मोठ्या लिथियम-आयन बॅटरीत पाणी नसते. पण ती ओव्हरचार्ज झाली, तर अनियंत्रितपणे तापून पेट घेऊ शकते. म्हणूनच प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी आणि वेळेवर चार्जिंग तोडणारी बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम तिच्यात असते. या यंत्रणेत फेरफार करणे किंवा कंपनीने न सुचवलेला चार्जर वापरणे टाळावे. शिवाय अनेक इलेक्ट्रिक कारमध्ये दिवे आणि लॉकसाठी १२ व्होल्टची छोटी लेड-अ‍ॅसिड बॅटरीही असते. तिला वरील सर्व सूचना लागू होतात.

जुन्या बॅटरीचे काय करावे?

तिच्यात शिसे आणि अ‍ॅसिड असते. ती भंगारात देऊ नये किंवा अ‍ॅसिड गटारात, ओढ्यात ओतू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी अधिकृत विक्रेत्याकडे दिली की तिची किंमतही बिलातून वजा होते. नवी बॅटरी बसवल्यावर दुकानातून निघण्यापूर्वी इंजिन सुरू करून मल्टिमीटर पुन्हा एकदा लावावा. १५ च्या पुढचा आकडा तिथेच दिसला, तर नवी बॅटरी वाचवायला अजून वेळ आहे.